संगणकांतील मुख्य धागा

तुमच्यापैकीं कित्येकांना संगणकावरील खेळ स्वतः रचण्याची हौस आहे. अशाच एका हौशी विद्यार्थ्यानें रचलेला खेळ त्याच्या घरच्या विंडोज यंत्रावर उत्तम चाले. मित्राच्या मॅकसाठीं तो पुन्हां सिद्ध केला, तेव्हां मात्र खिडकी दिसण्यापूर्वींच बंद पडला. आज्ञावलींत एकहि अक्षर चुकलेलें नव्हतें. मग दोष कोठें होता?

एकच खेळ निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर चालावा म्हणून तयार आज्ञांचे संच वापरतात. त्यांस लायब्ररी म्हणतात. सॅम लँटिंगा यांनीं १९९८ सालीं सुरू केलेली एसडीएल ही त्यांतील एक प्रसिद्ध लायब्ररी. खिडकी उघडणें, कळफलकाच्या सूचना घेणें, ध्वनि वाजविणें हीं कामें ती विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड इत्यादिकांवर सारख्याच आज्ञांनीं करविते.

आतां, एकाच खेळांत कामाचे अनेक ओघ एकदम चालूं शकतात. अशा प्रत्येक ओघास थ्रेड, म्हणजे धागा, म्हणतात. खेळ ज्या धाग्यावर सुरू होतो तो मुख्य धागा. आमच्या विद्यार्थ्यानें खिडकी उघडण्याचें काम दुसऱ्याच धाग्याकडे सोंपविलें होतें. विंडोजला तें खपतें. तेथें ज्या धाग्यानें खिडकी निर्माण केली, त्याच्याच रांगेंत तिचे संदेश येतात. मॅकओएसचा दंडक निराळा. तेथें खिडक्यांचा कारभार मुख्य धाग्यानेंच पाहावयाचा. सर्वत्र चालूं इच्छिणाऱ्या लायब्ररीला साहजिकच सर्वांत कडक नियम धरून चालावें लागतें.

हा दंडक जाचक वाटेल, पण लग्नघर डोळ्यांपुढें आणा. भाज्या चिरावयास दहा जण बसतात. कोठीची किल्ली मात्र एकीच्याच कमरेला. दहांनीं कोठींत हात घातला तर किती साखर उरली याचा मेळ कोणालाच लागणार नाहीं. एकाच खिडकीची नोंद दोन धागे एकाच क्षणीं बदलूं लागले तर तसेंच होतें.

परंतु किल्लीवाली बाईच भाजी चिरीत बसली तर? सगळा स्वयंपाक अडतो. पडद्यावरील चित्र सेकंदास ६० वेळां बदलावयाचें, तर प्रत्येक खेपेस सुमारें १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यांत मुख्य धागा मोठी चित्रफाईल वाचीत राहिला कीं खेळ गोठलाच! म्हणून वाचन, आंकडेमोड हीं कामें इतर धाग्यांस द्यावीं, आणि झाल्याची वर्दी एसडीएलच्या घटनांच्या रांगेंत टाकावी. रांगेंत वर्दी टाकण्यास कोणत्याहि धाग्यास मोकळीक आहे; रांग भरून घेण्याचें काम मात्र मुख्य धाग्याचें.

जानेवारी २०२५ मध्यें एसडीएलची तिसरी स्थिर आवृत्ति निघाली. तींत दुसऱ्या धाग्यानें "एवढें काम मुख्य धाग्यावर करून घ्या" असें सांगण्याची स्वतंत्र आज्ञा आहे. काम पुरें होईपर्यंत थांबावयाचें कीं नाहीं, हेंहि तींत सांगतां येतें. येथें एक खड्डा आहे. दुसरा धागा असा थांबला असतां मुख्य धागाहि त्याचीच वाट पाहात बसला, तर दोघेहि कायमचे अडकतात: आचारी साखरेसाठीं खोळंबलेला, आणि बाई आचाऱ्यासाठीं!

आमच्या विद्यार्थ्यानें खिडकी उघडण्याची आज्ञा मुख्य धाग्यावर आणली, चित्रें वाचण्याचें काम दुसऱ्याकडेच ठेविलें. त्याच सायंकाळीं दोघे मित्र मॅकवर खेळले.