बोक्याचं माप

बाळा, तू पाठवलेल्या फोटोत बोक्याची मान कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं, ते मला काही सापडलं नाही. रागवायला लिहीत नाही. मांजराला जास्त खाऊ घालणाऱ्या हातात वाईट काही नसतं, माया असते. पण चार किलोच्या जिवाला ती पेलत नाही.

त्यातून तुझं घर कोयनानगरला. वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. बोका चार महिने पायरी उतरत नाही, स्वयंपाकघरातली उबेची जागा धरून झोपतो, आणि घरात अडकलेली माणसं येता-जाता त्याच्यापुढे काहीतरी टाकत राहतात. वजन मांजराच्याच पावलांनी येतं, चाहूल न देता. दसऱ्याच्या सुमाराला ऊन पडतं, बोका कुंपणाच्या भिंतीवर उडी घ्यायला जातो आणि अर्ध्यातून खाली येतो, तेव्हा घरच्यांना कळतं. तू तोवर थांबू नकोस.

आधी तो खरंच जाड झालाय का, हे हाताने बघ. नुसत्या नजरेवर विसंबू नकोस, रोज दिसणाऱ्याचं वाढणं दिसत नाही.

१. बरगड्यांवरून अलगद बोटं फिरव — आपल्या हाताच्या उघड्या पंजाच्या पाठीवर हाडं लागतात तशा बरगड्या लागल्या तर वजन बरोबर. तळहाताच्या गादीसारखं मऊ लागलं तर जाड, आणि मुठीच्या उंचवट्यांसारखं टोचलं तर हडकुळा.

२. तो उभा असताना वरून बघ — बरगड्यांच्या मागे कंबर थोडी आत गेलेली दिसायला हवी.

३. मागच्या पायांपुढे लोंबणारी कातडीची पिशवी बघून घाबरू नकोस — ती सडपातळ मांजरांनाही असते. निकाल बरगड्यांवर लाव, पिशवीवर नाही.

४. पिलाचं किंवा मनीचं पोट अचानक फुगलं तर त्याला चरबी समजू नकोस — पिलाला जंत असतील, मनी गाभण असेल. दोघांनाही खाणं तोडून चालत नाही.

५. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला वजन कर आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच चौकोनात लिही — त्याला उचलून काट्यावर उभी राहा, मग एकटी उभी राहा आणि वजाबाकी कर. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोपलीसकट ठेवू दिलं तर आणखी छान, तिथे थोडक्या ग्रॅमांचा फरकही दिसतो.

६. आपल्याकडच्या साध्या गावठी मांजराचं वजन साडेतीन ते साडेचार किलो, दांडग्या बोक्याचं पाचपर्यंत — चार किलोच्या मांजराला एक किलो चढणं म्हणजे साठ किलोच्या माणसाला पंधरा किलो चढणं, म्हणून 'किलोभरच तर आहे' असं म्हणू नकोस.

ऑस्ट्रेलियात हिमी नावाचा एक बोका होता, २१.३ किलोचा. त्याला हलवायचं तर ढकलगाडीत घालून न्यावं लागे. १९८६ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, त्याचा श्वास कोंडला आणि तो गेला. पुढे गिनीज बुकाने सर्वांत वजनदार पाळीव प्राण्याची नोंद घेणंच बंद केलं, लोकांनी विक्रमापायी जनावरांना कोंबून खाऊ घालू नये म्हणून. घरात नीट सांभाळलेलं मांजर पंधरा वर्षं सहज काढतं. हिमीची राहिलेली वर्षं कुठे गेली, ते तुला सांगायला नको.

आता वाटीकडे ये. कोयनेत पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, धरणातलं पाणी टीएमसीत. कोयना, नवजा, महाबळेश्वरचे आकडे पावसाळाभर रोज पेपरात येतात. अशा गावात बोक्याचं खाणंच तेवढं मुठीने का घालायचं?

हिशेब सोपा आहे. चार किलोचं, ऑपरेशन झालेलं, घरातच वावरणारं मांजर दिवसाला साधारण २०० कॅलरींवर उत्तम राहतं. पाकिटातल्या कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे ५० ते ५५ ग्रॅममध्ये त्याचा अख्खा दिवस झाला. म्हशीच्या दुधाच्या लहानशा वाटीत, १०० मिलिलिटरमध्ये, १०० च्या आसपास कॅलरी. सकाळी आजीने मायेने ती वाटी पुढे केली की बोक्याचं निम्मं जेवण तिथेच आटोपतं. त्यानंतर बाबा ताटातला माशाचा तुकडा देणार, धाकटा बिस्किट देणार, आणि तू पाकिटातलं घालणार ते वेगळंच. प्रत्येकाने थोडंच दिलेलं असतं. बेरीज मात्र कुणी करत नाही.

७. दिवसाचं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढ, आणि ज्याला लाड करायचे असतील त्याने त्याच डब्यातून करावेत — डबा रिकामा झाला की दिवस संपला. आमच्याकडे म्हणतो, माप हाती, तर मनी भिंतीवरती.

८. दूध थांबव आणि पाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेव — मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं, आणि साईची चरबी अंगावर बसते. दुधाची धार, मांजराला भार. एकदम तोडणं आजीच्या जिवावर आलं तर आठ-दहा दिवस पाणी वाढवत पातळ करत ने. बोक्यापेक्षा आजीचीच सवय सुटायला वेळ लागेल.

९. दूध-चपाती आणि दूध-भातावर त्याला ठेवू नकोस — मांजर जातीचं मांसाहारी. त्याला लागणारं टॉरिन मांस-मासळीतूनच मिळतं, आणि ते कमी पडलं की डोळे अधू होतात, हृदय दुबळं होतं. अशा मांजराचं पोट गच्च असतं आणि अंग उपाशी.

१०. घरचं द्यायचं तर कोंबडीचा तुकडा फोडणीआधी बाजूला काढून नुसत्या पाण्यात उकड — कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेली हाडं अजिबात नकोत, ती आत टोचतात. सुकट-बोंबील खारट, तेव्हा कधीमधी चिमूटभर पुरे. आणि नुसत्या कोंबडीवर महिनोन् महिने काढू नकोस, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं.

११. भरलेली वाटी दिवसभर मांडून ठेवू नकोस, तेच माप चार-पाच वेळा थोडं थोडं दे — मांजराची मूळ रीत उंदराएवढं खायची, पण पुन्हा पुन्हा. शेवटचा वाटा झोपताना दे, नाहीतर पहाटे चारला छातीवर येऊन बसेल आणि तू डोळे मिटून डबा उघडशील.

१२. म्याँव ऐकल्याबरोबर डब्याकडे धावू नकोस. पाठीवरून हात फिरव, दोन उड्या मारायला लाव — पुष्कळदा त्याला सोबत हवी असते. आधी खेळ, मग जेवणाची वेळ.

१३. शेजारीपाजारी एकदा विचारून ये — कॉलनीतलं मांजर एका घरचं कधीच नसतं, आणि चार घरची मनी, चौघींच्या वजनी. गळ्यात ओढ बसली की सुटेल असा पट्टा घालून त्यावर 'मला खायला देऊ नका' एवढं लिहिलंस तरी माणसं समजून घेतात.

१४. घरात दोन मांजरं असतील तर दोन खोल्यांत जेवू घाल आणि वीस मिनिटांनी दोन्ही वाट्या उचल — जाड असतं ते भरभर खातं आणि दुसऱ्याच्या वाटीवर जातं.

१५. नसबंदी जरूर कर, फक्त जखम भरली की माप उतरव — ऑपरेशननंतर अंगाची गरज २० ते ३० टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र वाढते. वजन चढलं की लोक ऑपरेशनला बोल लावतात. खरं तर वाटी तेवढीच राहिलेली असते.

हिंडण्या-खेळण्याचं फार लांबवत नाही, तुला त्याची आवड आहेच.

१६. दिवेलागणीच्या आत बोका घरात हवा — आपल्या दाराशी कोयना अभयारण्य आहे, १९८५ पासूनचं, आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बिबट्या रात्री वस्तीच्या कडेने फिरतो आणि जड झालेल्या बोक्याला झाड गाठता येत नाही.

१७. चिंधी दोरीला बांधून दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं पळव, आणि शेवटी त्याला ती पकडू दे — पकड मिळाली नाही की मांजराचा जीव खेळावरून उडतो. मग दोरी आठवणीने कपाटात ठेव, गिळली तर आतड्यात अडकते.

१८. पाऊस असला की खाण्याचे दाणे अंड्यांच्या पुठ्ठ्यात, जिन्याच्या पायऱ्यांवर, खिडकीच्या फळीवर लपव — शोधताना पावलं पडतात आणि वेळही जातो.

आता जे सांगते ते सगळ्यांत महत्त्वाचं. बोका जाड आहे हे पटलं की घरातलं कुणीतरी उत्साहाने म्हणेल, दोन दिवस उपास घडवू या, आपोआप उतरेल. माणसाच्या एकादशीचा न्याय मांजराला लावू नकोस. जाड मांजराच्या पोटात दोन-तीन दिवस काही गेलं नाही, तर अंगावरची चरबी एकदम यकृताकडे धावते, यकृत ती उचलू शकत नाही, आणि कातडी व डोळे पिवळे पडतात. त्यातून मांजर दगावू शकतं. म्हणजे जाडेपणापेक्षा घाईच जास्त घातक.

१९. जाड मांजराने सलग एक दिवस काहीच तोंडात घेतलं नाही तर वाट बघू नकोस, डॉक्टरांना फोन कर — रुसलाय म्हणून दुसरा दिवस घालवणं महागात पडतं.

२०. आठवड्याला अंगाच्या वजनाचा शंभरावा हिस्सा उतरला की पुरे — सहा किलोच्या बोक्याला तो ६० ग्रॅम होतो, म्हणजे महिन्याला जेमतेम पाव किलो. गणपतीत सुरू केलंस तर दोन किलो उतरायला पुढचा मे उजाडेल, आणि तोच बरोबर वेग आहे.

२१. खाणं बदलायचं तर सात-दहा दिवस जुन्यात नवं मिसळत जा — एकदम बदललं की मांजर वाटीकडे पाठ फिरवतं, आणि त्याचं न खाणं किती वाईट ते आताच सांगितलं.

२२. नव्या खाण्याची सुरुवात भर आषाढात करू नकोस — झाड पडून रस्ता अडला, वीज गेली आणि नेमकं त्याने खाणं सोडलं तर डॉक्टर गाठता येत नाहीत. पावसाळ्याआधी त्याच्या नेहमीच्या खाण्याचं एक पाकीट जास्त आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. दमट हवेत ते लवकर खवट होतं.

२३. सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखव आणि किती ग्रॅम द्यायचं ते त्यांच्याकडून लिहून घे — खेड्यातल्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, तेव्हा मांजर बघतात का ते आधी विचारून जा. अवघड वाटलं तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे शिकवण्याबरोबर उपचारही होतात.

वजन उतरेपर्यंत काही गोष्टींवर डोळा ठेव.

२४. पाठीचा मागचा भाग आणि शेपटीचं बूड रोज विंचर — जाड मांजराची जीभ तिथवर पोचत नाही, केसांच्या गुठळ्या होतात आणि पावसाळी ओलीत खाली कातडी चिघळते.

२५. मातीच्या ट्रेची कड बसकी ठेव — वजनाने सांधे दुखत असले की त्याला पाय उचलणं नको होतं, आणि मग तो कोपऱ्यात घाण करतो. लंगडतोय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नकोस, एक गोळीही मांजराचा जीव घेते.

२६. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर रात्र असली तरी गाडी काढ — जाड, घरात बसून राहणाऱ्या बोक्यांची लघवी तुंबते, आणि दोन दिवसांत प्राणावर येतं. कमी पाणी पिणाऱ्याच्या कोरड्या खाण्यात म्हणूनच थोडं कोमट पाणी घालत जा.

२७. वजन ठरल्या आकड्यावर आलं की माप थोडंसं वाढवून तिथेच धर, आणि महिन्याचं वजन चालू ठेव — जुनी वाटी परत आली तर पुढच्या श्रावणापर्यंत जुना बोकाही परत येतो.

२८. दहा वर्षांपुढच्या मांजराचं वजन मात्र काही न करता उतरायला लागलं, खातंय भरपूर किंवा पाण्यापाशी सारखं दिसतंय, तर खूश होऊ नकोस, त्याच आठवड्यात रक्त तपासून घे — मधुमेह, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची दुखणी अशीच सुरू होतात, आणि लवकर सापडली तर त्यांच्यावर औषधं आहेत.