हिमनदीच्या अंगणात

उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित खाली आइसलँड नावाचे बेट आहे. त्याच्या आग्नेय भागात वात्नायोकुल हा प्रचंड हिमस्तर पसरला आहे. साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भूमी त्याखाली झाकली गेली आहे! त्याच्या दक्षिण पायथ्याशी स्काफ्ताफेल हे स्थळ आहे. येथे १९६७ साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले; २००८ साली ते विशाल वात्नायोकुल उद्यानात सामावले गेले. उद्यान म्हटले की ताटवे आणि कारंजी आपल्या डोळ्यांपुढे येतात. येथे मात्र बर्फ, वाळू आणि काळा खडक यांचेच राज्य आहे.

जून महिन्यात येथे रात्रीही पुरता अंधार पडत नाही. त्यामुळे पायी हिंडणाऱ्यास दिवस भरपूर मिळतो. सकाळी वाटाड्यासह निघावे. खुरट्या भूर्जवृक्षांमधून चढत गेले की स्वार्तिफॉस, म्हणजे 'काळा धबधबा', समोर येतो. त्याची उंची सुमारे वीस मीटर. सह्याद्रीतील पावसाळा पाहिलेल्यास तिचे नवल वाटणार नाही. नवल आहे ते कड्याचे. पाण्याच्या दोन्ही अंगांना काळ्या पाषाणाचे कोनदार खांब दाटीने लोंबत असतात. हे कोणा शिल्पकाराने घडविले नाहीत. लाव्हारस थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि असे खांब तयार होतात. आपल्या मुंबईत, अंधेरीस, गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे. पण ती पाहण्यास आपल्यापैकी कितीजण जातात?

जवळच सेल येथे १९१२ साली बांधलेले, छपरावर गवत वाढलेले एक घर आहे. पूर्वी येथील शेतकरी खाली सपाटीवर राहत. नदीचे पूर त्यांच्या जमिनी गिळू लागले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपली बिऱ्हाडे उतारावर हलविली.

दुपारी हिमनदीवर जावयाचे. वाटाड्या प्रत्येकाच्या बुटांना पोलादी दात बांधतो, डोक्यावर शिरस्त्राण चढवितो आणि बजावतो, "माझ्या पावलावर पाऊल ठेवून चला." हिमनदीला खोल भेगा असतात, काहींची तोंडे हिमाने झाकलेली असतात आणि सराईत डोळ्यांनाच ती ओळखू येतात. भेगेच्या काठाशी सावधपणे थांबून आत पाहिले, तर गर्द निळाई दिसते. दडपणाखाली बर्फातील हवा निघून जाते आणि असा घट्ट बर्फ प्रकाशातील तांबडा रंग शोषून घेतो. उरतो तो निळा. मधूनच काळे पट्टे दिसतात. ती ज्वालामुखींची राख! शेजारचा ओरैवायोकुल १३६२ साली जागा झाला आणि पायथ्याची नांदती वस्ती उद्ध्वस्त झाली. पुढे त्या प्रदेशास 'ओरैवी', म्हणजे ओसाड भूमी, हेच नाव पडले.

संध्याकाळी पश्चिमेकडील काळ्या वाळूच्या मैदानाकडे वळावे. १९७४ साली स्केइदारा नदीवर येथे देशातील सर्वांत लांब पूल झाला आणि बेटाभोवतीचा रस्ता पुरा जोडला गेला. १९९६ साली हिमस्तराखाली ज्वालामुखी भडकला. वितळलेल्या पाण्याचा लोंढा घराएवढे हिमखंड घेऊन आला आणि पुलाचा काही भाग मोडून गेला. माणसांनी तो पुन्हा उभारला. पण हिमनदी मागे मागे सरत होती. २००९ साली तिच्या पाण्याला पश्चिमेकडे सखल वाट सापडली आणि स्केइदारा आपले पात्र सोडून गेली. मोठ्या पुलाखाली कोरडी वाळू आणि एक लहानसा ओहोळ एवढेच उरले. २०१७ साली शेजारी एक आखूड पूल बांधून रस्ता त्यावरून नेण्यात आला.