ट्रॅक्टर घेण्याआधी रान बघ

पोरा, परवा फोनवर तू विचारलंस, "तात्या, पंचेचाळीस एचपी घेऊ का पंचावन्न?" तेव्हा उसाला पाणी चालू होतं, नीट बोलता आलं नाही. आता सवडीनं लिहितोय.

आधी वही काढ. आपलं अकरा एकर रान. नांगरट, दोनदा रोटर, सरी, पेरणी, शेणखत वाहणं, बाजाराच्या खेपा, सगळं धरून माझ्या वहीत वर्षाला दीडशे तासांच्या वर काम कधी गेलं नाही. उरलेले तास भाड्यानं भरू म्हणशील, तर गावात किती ट्रॅक्टर झाडाखाली उभे आहेत ते मोज. भाड्याचं काम वाफशाच्या पंधरा दिवसांत येतं, आणि त्याच पंधरा दिवसांत आपलंही रान तयार व्हायचं असतं. हप्ता मात्र वर्षभर डोक्यावर असतो. म्हणून हप्ता आपल्या रानाच्या जोरावर फिटेल एवढीच गाडी घे.

मग अवजारं ठरव. पाच फुटी रोटर, दोन फाळी पलटी नांगर, दोनचाकी ट्रॉली, हंगामात मळणी यंत्र. एवढ्याला पंचेचाळीसच्या आसपासची साधी गाडी पुरते. बॉनेटवरचा आकडा इंजिनाचा असतो हे लक्षात ठेव. रोटर फिरतो पीटीओवर, आणि तिथपर्यंत पोचताना काही ताकद गळते. पंचेचाळीसच्या गाडीला पीटीओवर अडतीस-एकोणचाळीस मिळाले तर ठीक. मध्य प्रदेशात बुदनीला सरकारी संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, तिच्या अहवालात पीटीओची ताकद, ओढ, लिफ्टची उचल सगळं लिहिलेलं असतं. विक्रेत्याकडं तो अहवाल माग आणि दोन गाड्या शेजारी ठेवून वाच. पन्नासच्या वर जायचं म्हणशील, तर 2023 च्या जानेवारीपासून त्या गाड्यांना धुराचे कडक नियम लागले आहेत. त्यांत इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा आली. वाईट नाही, पण आपला गावचा फिटर तिला हात लावू शकत नाही.

माझी पहिली गाडी मी डांबरी रस्त्यावर चालवून घेतली होती. आवाज गोड, स्टिअरिंग हलकं, मी खूश. पहिल्या पावसानंतर ओढ्याकडच्या काळ्या रानात नांगर टेकवला, तर मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि टायरच्या गोट्यांत चिखल असा भरला की टायर गुळगुळीत दिसायला लागला. इंजिनात ताकद होती, पण अंगात वजन नव्हतं आणि मागचे टायर आपल्या मातीला अरुंद होते. टायरात पाणी भरलं, पुढं वजनं लावली, तेव्हा कुठं जरा चालली. ते पूर्ण वर्ष मी दुसऱ्याची गाडी भाड्यानं आणून नांगरलं, आणि ती गोष्ट अजून जिवाला लागते.

म्हणून सांगतो, चाचणी आपल्याच रानात घे, आपलाच नांगर जोडून, त्याच ओढ्याकडच्या तुकड्यात. दोन तास चालव. टाकी काठोकाठ भरून सुरू कर आणि संपल्यावर पुन्हा काठोकाठ भर. जेवढं डिझेल लागलं तेवढा खरा खर्च. विक्रेता तयार होत नसेल तर दुसऱ्याकडं जा.

त्यातही लिफ्ट नीट बघ, कारण दिवसभर तीच राबते. नांगर उचलून धर, इंजिन बंद कर, उचलणाऱ्या आर्मच्या उंचीवर मडगार्डवर खडूनं रेघ मार आणि पाव तास चहा पी. आर्म बोटभर खाली आला तर एक वेळ चालेल, वीतभर आला तर हायड्रॉलिक गळतंय. मग ड्राफ्टचा दांडा लावून कडक पट्ट्यातून ने. माती घट्ट लागली की लिफ्टनं नांगर किंचित वर घ्यावा आणि पुढं पुन्हा खाली सोडावा. इंजिन दबतंय आणि नांगर तसाच रुतलेला असेल तर ती गाडी आपल्या कामाची नाही.

क्लच ड्युअल असलेला घे, म्हणजे गाडी थांबवली तरी मळणी यंत्र थांबत नाही. ब्रेक तेलातले घे, चिखलात टिकतात. बाकी एसीची केबिन, रंगीत दिवे यांना पैसे नकोत.

जुनी घ्यायची ठरली तर पहाटे, न सांगता जा. बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर आधी सुरू करून ठेवलीय, परत ये. थंड गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली पाहिजे. चालू असताना तेलाचं झाकण उघड, फसफसून धूर आला तर रिंगा गेल्यात. तासाचा काटा कमी दाखवत असेल आणि क्लच पॅडलचं रबर घासून सपाट झालं असेल, तर पॅडलवर विश्वास ठेव. आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय एक रुपया देऊ नको.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती येईपर्यंत थांब, आधी घेतलीस तर ते जातं. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, बिलात तो तसाच लागलाय का बघ.

अजून एक. पीटीओच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर गाडीसोबत मागून घे आणि कधी काढू नको. मिनिटाला पाचशे चाळीस फेरे फिरणाऱ्या त्या दांड्यात उपरणं अडकलं तर ओढायला वेळ मिळत नाही. आणि रुतलेली ट्रॉली ओढायला साखळी एक्सलला वरून बांधू नको, खालच्या हुकालाच लाव, नाहीतर गाडी पुढून उठते आणि माणसावर उलटते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही.

चाचणीची गाडी कोणत्या दिवशी येतेय ते कळव. ओढ्याकडचा तुकडा मी तसाच ठेवलाय, नांगराला ग्रीसही भरून ठेवतो.