मॉरिशसचा रुपया : तामलवाडीहून निघण्याआधी करायचा हिशेब

मॉरिशसच्या सहलीला किंवा तिथल्या मराठी कुटुंबांच्या गणेशोत्सवाला जायचं ठरत असेल, तर तिकिटाइतकाच विचार चलनाचा करा. तामलवाडीहून सोलापूर, तिथून मुंबई आणि पुढे विमान, या प्रवासात पैसे कुठे बदलायचे हे आधीच ठरलेलं बरं. ऐनवेळी विमानतळावर बदलले तर दर बहुधा महाग पडतो.

हा रुपया आला कुठून?

1834 पासून ऊसमळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर मॉरिशसला गेले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. भारताशी व्यापार आणि ये-जा वाढली, तसा भारतीय रुपया तिथल्या बाजारात रुळला. 1876 साली कायद्याने मॉरिशसचा स्वतःचा रुपया ठरला, तोही भारतीय रुपयाच्या बरोबरीने. 1934 मध्ये त्याची सांगड पौंडाशी घातली गेली आणि दोन्ही रुपयांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आज मॉरिशसच्या नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरी अक्षरंही असतात.

किंमत कशी वाचायची?

गेल्या काही वर्षांत मॉरिशसच्या 1 रुपयाला आपले साधारण 1.75 ते 2 रुपये पडत आले आहेत. म्हणजे पाटीवर 300 लिहिलं असेल तर आपले 525 ते 600 समजा. नोटा 25 पासून 2000 पर्यंतच्या आहेत. बसभाडं, भाजीबाजार आणि गाड्यांवरची डालपुरी यांसाठी 25, 50, 100 च्या नोटा आणि नाणी जवळ हवीत.

बदलताना काय कापलं जातं?

- जीएसटी : 25,000 रुपयांपर्यंतच्या बदलावर 45 रुपये, 50,000 वर 90 आणि 1 लाखावर 180 रुपये.
- दरातला फरक : खरा खर्च इथेच लपलेला असतो. 50,000 रुपयांवर 3 टक्के फरक म्हणजे 1,500 रुपये. म्हणून दोन-तीन अधिकृत ठिकाणी ‘सगळं धरून हातात किती येतील?’ एवढंच विचारा आणि पावती घ्या.
- मॉरिशसचा रुपया आपल्याकडे सहजी मिळत नाही. डॉलर किंवा युरो नेऊन तिथल्या बँकेत बदलावे लागतात, म्हणजे कात्री दोनदा लागते. म्हणून रोख बेताचीच न्या. एका प्रवासात 3,000 डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, भारतीय रोकड 25,000 रुपयांपर्यंत.

कार्ड आणि यूपीआय

12 फेब्रुवारी 2024 पासून मॉरिशसमध्ये भारतीय प्रवाशांसाठी यूपीआय सुरू आहे. निघण्यापूर्वी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय सुरू करून घ्या, आपली बँक ती देते का तेही विचारा. प्रत्येक दुकानात चालेलच असं धरू नका. कार्ड वापरताना मशीनवर भारतीय रुपयांत रक्कम घेऊ का असं विचारलं, तर नकार द्या आणि मॉरिशसच्या रुपयांतच पैसे द्या. भारतीय रुपयांचा पर्याय सहसा महाग पडतो.

परतताना नाणी तिथेच खर्च करा, कारण ती इथे कुणी बदलून देत नाही. उरलेल्या नोटा मॉरिशस सोडण्यापूर्वी मोडा आणि त्यासाठी तिथे पैसे बदलल्याची पावती जपून ठेवा. रोजच्या खर्चापुरती रोकड, बाकीसाठी यूपीआय किंवा कार्ड, हीच विभागणी सहसा स्वस्त पडते.