गाडीत पेट्रोलचा वास आला तर

पेट्रोलची गाडी म्हटली की थोडा वास यायचाच, असे पुष्कळ लोक धरून चालतात. हे बरोबर नाही. पेट्रोल टाकीत असते, नळीतून पुढे जाते आणि इंजिनात जळते. या वाटेवर ते कोठेही उघड्यावर येत नाही. तेव्हा नाकाला वास लागला, तर कोठे तरी नळी फुटली आहे, झाकण सैल आहे किंवा वाफ अडवणारी वस्तू बिघडली आहे, असे समजावे.

आधी पेट्रोलचा स्वभाव पाहू. रॉकेल पेटायला वात लागते. पेट्रोलचे तसे नाही. बर्फाइतक्या थंडीतही त्याची वाफ होत असते, आणि पेट घेते ती ही वाफच. ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. धूर वर जातो. ही वाफ खाली बसते, उताराकडे सरकते, गॅरेजच्या खड्ड्यात साठते. हवेच्या शंभर भागांत साधारण दीड भाग वाफ मिसळली, की एक ठिणगी पुरे होते. म्हणून गळती शोधताना काडी, कंदील, विडी यांतले काही जवळ नको. काही मेस्त्री वायरला लोंबणारा उघडा बल्ब घेऊन गाडीखाली शिरतात. तो बल्ब फुटला तर आतली तापलेली तार काडीचेच काम करते. विजेरी घ्यावी, आणि ती दूर उभे राहून आधीच लावून घ्यावी.

चालत्या गाडीत जोराचा वास आला तर गाडी रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागी घ्या. इंजिन बंद करा. माणसे उतरवा, दारे उघडी टाका. मग वाकून पाहा. खाली थेंब पडत असतील तर गाडी पुन्हा सुरू करू नका. “गॅरेज इथेच तर आहे” असे कोणी म्हणेल. त्याचे ऐकू नका. गाडी ढकलत न्या किंवा ओढून न्या.

थेंब नसेल, नुसता वास असेल, तर एक वही घ्या. वास केव्हा आला आणि कोठे जास्त आला, ते लिहा. चांगला मेस्त्री हेच दोन प्रश्न विचारतो.

टाकी भरल्यावर वास येतो, एकदोन दिवसांनी जातो, असे असेल तर झाकण काढून त्याची रबरी कडी पाहा. ती चिरली असेल तर झाकण बदला. झाकणापासून टाकीपर्यंतची जाड रबरी नळी तडकली असेल, तरी असेच होते. याला आणखी एक कारण आहे. आजच्या गाड्यांत कोळशाचा एक डबा असतो. टाकीतली वाफ तो शोषून घेतो. पंपावर नळ ‘खट्’ करून बंद झाल्यावरही आपण “अजून थोडे, हिशेब सरळ करा” म्हणतो. असे ठासून भरलेले पेट्रोल त्या डब्यात शिरते, कोळसा भिजतो आणि डबा निकामी होतो. हिशेब सुट्या पैशांनी सरळ करावा!

वास मागच्या सीटवर जास्त असेल तर टाकीवरचे पंपाचे झाकण पाहा. बऱ्याच गाड्यांत ते मागच्या सीटखालीच असते. त्याचे रबर नीट बसले नसेल तर वाफ थेट आत येते.

इंजिन चालू असतानाच वास येत असेल तर बॉनेट उघडा. पूर्वीच्या अँबॅसडर, पद्मिनी, सुरुवातीची मारुती ८०० या गाड्यांना कार्बोरेटर असे. त्यातली सुई अडकली की पेट्रोल भरून वाहते. आताच्या गाड्यांत इंजेक्टर असतात. तेथे दर चौरस सेंटिमीटरला साधारण तीन किलो दाब असतो. बारीक चीर पडली तरी फवारा उडतो, आणि तो तापलेल्या इंजिनावर पडतो. सर्वांत धोक्याची गळती हीच.

रबरी नळ्या का जातात? उष्णतेने कडक होतात, क्लिपपाशी चिरतात. उंदीरही कुरतडतात. शिवाय २०२५ सालापर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी केलेले नव्हते.

नळी बदलताना मात्र वाचता येणे उपयोगी पडते. पाण्याची किंवा कूलरची नळी दिसायला तशीच असते, स्वस्तही असते. पेट्रोलने ती फुगते आणि निसटते. पेट्रोलच्या नळीवर अक्षरे छापलेली असतात. ‘आर ९’ लिहिलेली नळी इंजेक्टरच्या दाबाला चालते. ‘आर ६’ किंवा ‘आर ७’ ही कार्बोरेटरच्या गाडीसाठी. दुकानात नळी हातात घ्या आणि स्वतः वाचा. इंजेक्टरच्या गाडीची नळी घरी उघडू नका. इंजिन बंद असले तरी आत दाब राहतो आणि पेट्रोल डोळ्यांत उडते. आधी दाब उतरवून मगच मेस्त्री ती काढतो.

एका थेंबाने काय होते, असे वाटेल. हिशेब करू. सेकंदाला एक थेंब, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. चाळीस थेंबांचे एक मिलिलिटर धरा. दोन लिटरहून जास्त पेट्रोल झाले. बंद शेडमध्ये रात्रभरात यातले अर्धे तरी वाफ होऊन जमिनीलगत पसरेल. सकाळी तेथेच कोणी शेगडी पेटवील.

जवळ कोरड्या पावडरीचे अग्निशामक किंवा वाळूची बादली ठेवावी. पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

काम झाल्यावर इंजिन चालवून प्रत्येक जोड विजेरीने पाहावा. मग इंजिन बंद करून, ते निवल्यावर, जोडांना कोरडा पांढरा कागद लावावा. ओला डाग आला तर काम अपुरे आहे. गाडी रात्रभर मोकळ्या जागी उभी ठेवून सकाळी पुन्हा कागद फिरवावा, आणि मगच मेस्त्रीचे पैसे चुकते करावे.