३.४ सामाजिक जाळे आणि द्वितीय भाषेतील संवादेच्छा

भाषा येणे आणि ती बोलण्यास प्रवृत्त होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याकरण पक्के असलेली एखादी व्यक्ती गप्प राहते, तर दुसरी मोजक्या शब्दांवर सारा बाजारहाट निभावते. हा फरक ‘संवादेच्छा’ या संकल्पनेने उलगडतो. विशिष्ट वेळी, विशिष्ट व्यक्तीशी, द्वितीय भाषेत बोलण्याची मनाची तयारी म्हणजे संवादेच्छा. पीटर मॅकिन्टायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तिचे सहा थरांचे प्रारूप मांडले. त्याच्या तळाशी व्यक्तिमत्त्व आणि भाषिक गटांतील परस्परसंबंध आहेत. वरच्या थरांत प्रसंगानुसार बदलणारा आत्मविश्वास आणि समोरच्या व्यक्तीशी बोलण्याची ओढ आहे. म्हणजेच संवादेच्छा केवळ स्वभावावर अवलंबून नसते; ‘कोणाशी बोलायचे?’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

येथे सामाजिक जाळ्याचा विचार उपयोगी पडतो. लेस्ली मिलरॉय यांनी बेलफास्टमधील कामगार वस्त्यांच्या अभ्यासात (१९८०) जाळ्याची दोन लक्षणे विचारात घेतली. जाळ्यातील माणसे एकमेकांनाही ओळखत असतील, तर ते घन असते. एकच व्यक्ती शेजारी, सहकारी आणि नातलगही असेल, तर ते बहुपदरी असते. अशी जाळी स्थानिक बोली टिकवून धरतात, असे त्यांना आढळले.

आता एक उदाहरण पाहू. समजा, बिहारमधील भोजपुरी भाषक सुतार पुण्यात आला आहे. खोलीतले आणि कामावरचे सोबती गावाकडचेच असल्याने त्याला आधार मिळतो. मराठीची निकड मात्र भासत नाही. मराठी कानी पडते ती गिऱ्हाईक, चहावाला, घरमालकीण अशा सैल धाग्यांतून. तेथे तो अडखळत एक वाक्य बोलतो आणि ऐकणारा लगेच हिंदीकडे वळतो. हेतू मदतीचाच असतो. पण सरावाची संधी तेथेच संपते. असे वारंवार घडल्यास आपली मराठी ऐकण्याजोगी नाही, अशी त्याची समजूत होऊ शकते. उलट, घरमालकीणबाईंनी क्षणभर थांबून सोप्या मराठीत उत्तर दिले, तर पुढचे वाक्य बोलण्याचे बळ त्याला मिळते. संवादेच्छा ही बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याच्याही हाती असते, ती या अर्थाने.

स्वयं-अध्ययन

१. गेल्या आठवड्यात आपण ज्यांच्याशी बोललात, अशा दहा व्यक्तींची व प्रत्येकीशी वापरलेल्या भाषेची नोंद करा. त्यांपैकी कोण एकमेकांना ओळखतात?

२. मराठी शिकणाऱ्या कोणाशी बोलताना आपण भाषा बदललीत काय? त्याचा त्या व्यक्तीच्या संवादेच्छेवर काय परिणाम झाला असेल, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.