घळीतला बर्फ आणि घड्याळ

मुलांनो, आजच्या पाठाचा शब्द आहे 'घळ'. दोन कड्यांच्या मधे, डोंगराला वरपासून खालपर्यंत पडलेली अरुंद, खोल चीर म्हणजे घळ. शिवथरघळीचे नाव तुम्ही ऐकले असेल. तिथे हा शब्द गुहेसाठी आला आहे. सह्याद्रीत डोंगराच्या अशा चिरेला 'नाळ' किंवा 'नळी'ही म्हणतात. हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट प्रसिद्धच आहे. फ्रेंच लोक अशा घळीला 'कुल्वार' म्हणतात. त्या शब्दाचा साधा अर्थ बोळ, आणि त्याचे मूळ 'वाहणे' या क्रियापदात आहे. हे मूळ लक्षात ठेवा. घळीतून पाणी वाहते, दगड येतात आणि बर्फही वाहतो.

बर्फाने भरलेल्या अशा घळी वसंतात पायी चढायच्या आणि स्कीवरून उतरायच्या, हा इथल्या तरुणांचा आवडता खेळ आहे. आपल्या न्यू इंग्लंडात त्याचे माहेरघर म्हणजे न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनची टकरमन रॅव्हिन. हे शिखर १९१७ मीटर उंच, म्हणजे कळसूबाईपेक्षा सुमारे २७० मीटरने जास्त. १२ एप्रिल १९३४ रोजी शिखरावर ताशी २३१ मैल वेगाचा वारा मोजला गेला. असा वारा हिवाळाभर माथ्यावरचा बर्फ उडवून पूर्वेच्या या खोलगट भागात आणून टाकतो. म्हणून गावात फुले उमलली तरी तिथे बर्फ असतो. १९३९ च्या शर्यतीत टोनी मॅट हा तरुण शिखरापासून पायथ्यापर्यंत सुमारे साडेसहा मिनिटांत उतरला. ही गोष्ट अजून सांगतात, आणि ती ऐकून आपल्या मोठ्या मुलांनाही मित्रांबरोबर जावेसे वाटते. घरी आई-बाबांची झोप उडते. नुसते 'जाऊ नकोस' म्हणून भागत नाही. बर्फ कसा वागतो हे दोघांनाही कळले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

बर्फाचा दिनक्रम

वसंतात दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर वितळतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता आकाशात निघून जाते आणि तो थर पुन्हा गोठतो. असे अनेक दिवस झाले की बर्फाचे जाड, गोल कण बनतात. सकाळी हा बर्फ काचेसारखा टणक असतो. तेव्हा पाय घसरला तर थांबणे कठीण. ऊन आले की वरचा बोटभर थर मऊ होतो. स्की करायला हीच उत्तम वेळ. त्यानंतर पाणी आत झिरपते, कणांची पकड सुटते आणि ओल्या बर्फाचा जड लोंढा खाली येऊ शकतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. ते बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होते, आणि घळींचा उतार नेमका तेवढाच किंवा त्याहून तीव्र असतो.

रात्री ढग असले तर? ढग पांघरुणाचे काम करतात, बर्फ नीट गोठत नाही, आणि सकाळीच धोका सुरू होतो.

प्रत्येक घळीचे घड्याळ वेगळे असते. टकरमनमधली राइट गली दक्षिणेकडे तोंड करून आहे, ती लवकर मऊ होते. लेफ्ट गली ईशान्येकडे आहे, ती उशिरा.

मित्रांचे नियम

१. आदल्या दिवशी हवामान आणि हिमस्खलनाचा इशारा वाचावा.
२. परत फिरण्याची वेळ घरीच ठरवावी, आणि ती घरच्यांना सांगावी.
३. ट्रान्सीव्हर, फावडे आणि बर्फात खुपसायची लांब काठी प्रत्येकाकडे हवी. गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटेच मोलाची असतात. मदत बाहेरून येईपर्यंत उशीर होतो. वाचवणारे मित्रच असतात.
४. घळीत एका वेळी एकानेच उतरावे. बाकीच्यांनी बाजूला, सुरक्षित जागी थांबून पाहावे.
५. बूट घोट्यापर्यंत रुतू लागला किंवा बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, की परत फिरावे.
६. एकानेही 'मागे फिरू या' म्हटले, तर सर्वांनी फिरावे. त्याला भित्रा म्हणू नये. घळ पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

शब्दार्थ

निरभ्र – ढग नसलेले
झिरपणे – हळूहळू आत मुरणे
घरंगळणे – गोल फिरत खाली जाणे
लोंढा – जोराने येणारा मोठा प्रवाह

स्वाध्याय (आई-बाबांबरोबर सोडवा)

१. 'घळ', 'नळी' आणि 'बोळ' हे शब्द वाक्यांत वापरा.
२. रात्रभर आभाळ भरलेले होते. चार मित्र तीन तास चालून घळीच्या पायथ्याशी पोचले आहेत. बूट रुततो आहे. तिघे म्हणतात, "एवढे आलोच आहोत, चला." चौथे तुम्ही आहात. तुम्ही त्यांना काय सांगाल? पाच वाक्ये लिहा आणि पुढच्या रविवारी वर्गात मोठ्याने वाचा.